‘मले माईत हाये’

‘पाऊस येईल असं मला वाटतं.’
‘पाऊस येईल अशी माझी श्रद्धा आहे.’
‘पाऊस येणार हे मला ठाऊक आहे.’

अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवताना मी ही तीन वाक्यं फळ्यावर लिहीत असे आणि फरक सांगा म्हणत असे. पुढच्या बाकावरची हुशार मुलं क्रियापद शोधत बसायची. उत्तर यायचं मागच्या बाकावरून, शेतकऱ्याच्या एखाद्या पोराकडून. “बाई, ज्याले वाटते तो थोडं बियानं घरात ठिवते. ज्याले माईत हाये तो सारं पेरून टाकते.” दुबार पेरणी पाहिलेल्या घरातलं पोर ते. एवढं चांगलं व्याकरण मला बी.ए.च्या पुस्तकातही सापडलं नव्हतं.

आज लिहायचं आहे ते या तिसऱ्या वाक्याबद्दल. देवाधर्माच्या बाबतीत आपण दुसरं वाक्य म्हणायला हवं तिथं सर्रास तिसरं म्हणतो, आणि त्यानं फार नुकसान होतं, असं माझं मत आहे. विषय नाजूक आहे. हे वाचणाऱ्यांत माझे निम्मे नातेवाईक कुठल्या ना कुठल्या महाराजांचे आहेत, आणि उरलेले निम्मे कुणालाच न मानणारे. दोघांनाही काही काही टोचेल. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवा.

या विषयाला तोंड फुटलं ते अमेरिकेत. मुलगा सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. तिथं सहा महिने राहून आले. ते गाव म्हणजे मॉर्मन लोकांची पंढरीच म्हणायची. (2018 पासून त्यांच्या पुढाऱ्यांनी ‘आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या’ असं सांगितलंय. पूर्ण नाव आहे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लेखात दरवेळी एवढं लिहायला माझी बोटं तयार नाहीत, तेव्हा राग नसावा.) माणसं फार चांगली. शेजारी आजारी पडला तर डबा घेऊन हजर. मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला देणार. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं शिक्षण बाजूला ठेवून दोन वर्षं धर्मप्रचाराला घराबाहेर राहतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी आणि पट्टीवर नावाच्या आधी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारी! मिसरूड नीट फुटलेली नाही आणि वडीलधारी. दारावर आले की मी त्यांना चहा विचारायची आणि ते लाजून नको म्हणायचे. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू बंद. बाकी सगळं समजू शकते, पण चहा नाही म्हणजे आपल्याकडच्यांचं अवघडच आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्यात उपास असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि ते पैसे गरिबांसाठी द्यायचे. त्या दिवशी प्रार्थनेला जमले की ज्याला वाटेल त्यानं पुढं येऊन साक्ष द्यायची. नातीच्या मैत्रिणीनं बोलावलं म्हणून आम्ही दोघी गेलो. माणसं उठत होती, डोळ्यांत पाणी आणून बोलत होती, आणि जवळपास प्रत्येकाचं वाक्य एकच होतं, ‘हे चर्च खरं आहे हे मला ठाऊक आहे.’ ‘मानतो’ नव्हे, ‘वाटतं’ही नव्हे. ठाऊक आहे. मग चार-पाच वर्षांची एक चिमुरडी माईकजवळ गेली. आई तिच्या कानात कुजबुजत होती आणि ती तेच माईकवर म्हणत होती, की मला ठाऊक आहे. लोक कौतुकानं हसले. मीही हसले, पण माझ्यातली शिक्षिका हसली नाही. पाठांतर आणि ज्ञान यांतला फरक ओळखण्यातच माझं आयुष्य गेलंय.

घरी येताना नात म्हणाली, “आजी, त्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याला काय ठाऊक आहे?”

प्रश्न साधा नाही. उत्तर द्यायचं तर आधी त्यांना काय ‘ठाऊक’ आहे ते पाहावं लागतं. जोसेफ स्मिथ नावाचा न्यूयॉर्क राज्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1805. त्याचं सांगणं असं, की देवदूतानं दाखवलेल्या टेकडीतून 1827 साली त्याला सोन्याचे पत्रे मिळाले. त्यांवरच्या मजकुराचं देवाच्या कृपेनं भाषांतर करून 1830 मध्ये त्यानं ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापलं. पत्रे देवदूताला परत गेले. पाहिले म्हणून अकरा जणांच्या सह्यांची साक्ष पुस्तकात छापलेली आहे. त्यातले मुख्य तिघे पुढे कधी ना कधी चर्चपासून दुरावले, दोघे परत आले, पण साक्ष तिघांनीही मागे घेतली नाही, हेही सांगायला हवं. स्मिथला 1844 साली तुरुंगात जमावानं गोळ्या घालून मारलं, आणि 1847 मध्ये त्याची माणसं हालअपेष्टा सोसत युटाच्या वाळवंटात येऊन वसली.

आता आज ज्यानं पत्रे पाहिले नाहीत त्यानं काय करायचं? पुस्तकाच्या शेवटी तोडगा दिला आहे. वाचा, मनापासून देवाला विचारा, खरं असेल तर तो तुमच्या अंतःकरणाला कळवील. त्या एल्डर पोरांनी मला हेच करायला सांगितलं. मी विचारलं, “समजा मी विचारलं आणि उत्तर ‘नाही’ आलं तर?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण नम्रपणे म्हणाला, “मग आणखी मनापासून विचारा.”

मी पेपर काढणारी बाई. ज्या पेपरात एकच उत्तर धरतात, दुसरं लिहिलं तर पुन्हा लिहा म्हणतात आणि बरोबर येईपर्यंत पेपर परत घेत नाहीत, त्याला परीक्षा म्हणत नाहीत. त्या पोरांच्या मनाला जे वाटलं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. हरिपाठ म्हणताना माझाही गळा दाटतो. पण गळा दाटला यावरून माझा गळा दाटला एवढंच सिद्ध होतं. हजारो वर्षांपूर्वी अमेरिकेत कोण राहत होतं, हे त्यावरून कसं ठरायचं?

आणि ‘ठाऊक आहे’ म्हटलेल्या गोष्टी बदलतात तेव्हा काय होतं तेही पाहा. स्मिथनं इजिप्तमधले काही जुने पपायरस घेतले आणि त्यांत अब्राहामचं लिखाण आहे असं सांगून 1842 मध्ये ते प्रसिद्ध केलं. पपायरस शिकागोच्या 1871 च्या आगीत गेले असं सगळे धरून चालले होते. पण त्यांचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सापडले आणि 1967 साली चर्चला मिळाले. ती लिपी वाचणाऱ्या पंडितांनी पाहिलं तर मेलेल्या माणसासोबत ठेवायचे मंत्र निघाले. अब्राहामचं नावही नाही. चर्चनं स्वतः 2014 मध्ये मान्य केलं, की हाती आलेल्या तुकड्यांवरचा मजकूर छापलेल्या ग्रंथाशी जुळत नाही. भाषांतराचा अर्थ वेगळा घ्यावा, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी. आफ्रिकी वंशाच्या काळ्या पुरुषांना त्यांच्यात पुरोहितपद मिळत नसे. असं का, याची कारणं मोठमोठे पुढारी देवाच्या नावानं सांगत. 1978 साली ही बंदी उठली आणि 2013 मध्ये चर्चनं ती जुनी कारणं लिहून नाकारली. चांगलं झालं. पण मधल्या शंभरावर वर्षांत जी काळी माणसं देवळाच्या दाराबाहेर राहिली, त्यांच्यापुढे कुणी ‘आम्हाला असं वाटतं’ म्हणून दार लावलं नव्हतं. ‘आम्हाला ठाऊक आहे’ म्हणून लावलं होतं. वाटण्याशी माणूस हुज्जत घालू शकतो. ठाऊक असण्याशी कोण घालणार?

इथवर वाचून आपल्यापैकी काहींना बरं वाटलं असेल, की बघा, परक्यांच्या धर्मात कसं असतं ते. आता वऱ्हाडात येऊ.

माझं माहेर अमरावती. मी बी.ए. केलं तेव्हा तिथं विद्यापीठ नव्हतं, ते 1983 मध्ये झालं, त्यामुळे पदवी नागपूरची. अभ्यासाला लीळाचरित्र होतं. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, महानुभावांची काशी. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ तिथं जमवला गेला, तेराव्या शतकाच्या अखेरीस. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. हे म्हाइंभट मूळचे गर्विष्ठ पंडित, स्वामींना वादात हरवायला आलेले. अशा माणसानं ग्रंथ कसा लिहिला? ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून, विचारून. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. आठवणी अर्थातच जुळेनात. मग त्यांनी काय केलं असेल? एक खरी ठरवून बाकीच्या पुसून टाकल्या नाहीत. अमक्याच्या आठवणीत असं आहे, तमक्याच्या आठवणीत तसं, हे फरक पोथ्यांत नोंदलेले राहिले.

तरुणपणी मला हे किचकट वाटायचं, परीक्षेला पाठ करायला नकोसं. आता वाटतं की वऱ्हाडानं मराठीला दिलेली ही मोठी देणगी आहे. लक्षात घ्या, महानुभाव म्हणजे काही ‘सगळे रस्ते एकाच गावाला जातात’ म्हणणारा पंथ नाही. परमेश्वर एक, मोक्ष त्याच्याकडूनच, बाकीच्या देवतांकडून तो मिळणार नाही, असं ठाम सांगणारा पंथ आहे. श्रद्धा इतकी ठाम, तरी ‘स्वामी त्या दिवशी नेमकं काय म्हणाले’ याबाबत हिरांबा एक सांगते आणि रामेश्वरबास दुसरं, हे लिहून ठेवायला ते भ्याले नाहीत. श्रद्धा आपल्या जागी, माहिती आपल्या जागी. दोन्ही एकाच डब्यात कोंबल्या नाहीत.

त्यांच्यात महदाइसा होती, आपली पहिली मराठी कवयित्री. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात तिनं धवळे गायले. पंथाच्या ग्रंथांत तिची ओळख काय दिली आहे? जिज्ञासू, सारखी चर्चा करणारी म्हातारी. प्रश्न विचारते म्हणून श्रद्धा कमी, असं तिला कुणी म्हटल्याचं मला तरी वाचलेलं आठवत नाही.

अर्थात त्यांनीही दारं लावून घेतली. ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले आणि शतकानुशतकं बाहेरच्यांना दाखवले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती सकळ लिपी उलगडली तेव्हा कुठं हे भांडार मराठी माणसाला दिसलं. 1978 मध्ये वि. भि. कोलत्यांनी संपादलेलं लीळाचरित्र छापून आलं तेव्हाही पंथातून आक्षेप आलेच. आपलं पवित्र पुस्तक परक्याच्या हातात गेलं की जीव घाबरा होतो, हे मी समजू शकते.

पण बाहेरच्यांनी काय केलं ते जास्त वाईट. ग्रंथ वाचलेला नाही, माणसाशी बोललेलं नाही, आणि तरी सगळ्या गावाला ‘ठाऊक’, की हे काळ्या कपड्यांतले लोक ढोंगी असतात. ते आपण इतकं पक्कं ठाऊक करून घेतलं की भाषेतच शिरलं. ‘मानभावी’ हा शब्द आपण आजही ढोंगी या अर्थानं वापरतो. मानभाव म्हणजे महानुभाव. एका अख्ख्या पंथाची बदनामी आपण विशेषण म्हणून रोज वापरतो आणि कुणाला जाणवतही नाही. शब्दार्थ शिकवताना मी वर्गात हे मुद्दाम सांगत असे. श्रद्धावंतांचंच ठाऊक असणं घातक असतं असं नाही, निंदकांचंही तितकंच असतं.

महानुभावांच्याच दृष्टान्तपाठात हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आहे. पाय धरणारा म्हणतो खांबासारखा, कान धरणारा म्हणतो सुपासारखा. आपण ती सांगतो आणि म्हणतो, बघा, प्रत्येकाला सत्याचा तुकडाच कळतो. पण गोष्टीकडे नीट पाहा. त्यात आणखी एक जण आहे, तिऱ्हाईत. त्याला अख्खा हत्ती दिसतो. तो नसता तर तो हत्ती होता हे आपल्याला कळलंच नसतं. प्रत्येक पंथ, प्रत्येक बाबा, प्रत्येक एल्डर आपल्याला हेच सांगत असतो, की बाकीचे आंधळे, आमचे गुरू डोळस. मग माझ्यासारख्या आंधळीनं कसं ओळखायचं, की समोरचा डोळस आहे की मोठ्या आवाजाचा आंधळा? मला एकच खूण सुचते. खरा डोळस तुमचा हात धरून तुम्हाला पायापासून सोंडेपर्यंत नेईल, चाचपू देईल, ‘कान सुपासारखा लागतो ना? आता इकडं ये’ म्हणेल. ‘मी सांगतो ना, हात काढ’ असं म्हणणार नाही.

आमच्या अमरावतीत असा एक माणूस होऊन गेला. गाडगेबाबा. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी 20 डिसेंबर 1956 ला गेले. माझ्या वडिलांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. ते सांगत, की बाबा उपदेश कमी करायचे, विचारायचे जास्त. एक प्रश्न, लोकांचं उत्तर, त्यावर दुसरा प्रश्न, आणि लोक आपल्याच उत्तरांनी अडकत जायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे. मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, असं त्यांचं सांगणं. एवढा अधिकार असलेला माणूस, पण ‘मला माहीत आहे म्हणून ऐका’ असं म्हणत नव्हता. हातातल्या खराट्यानं रस्ता झाडायचा आणि प्रश्नांनी डोकी.

शेगाव तर अकोल्याच्या उशाशी. गजानन महाराजांवर माझी श्रद्धा आहे, हे घरचे सगळे जाणतात. गुरुवार मी चुकवत नाही. 1878 च्या फेब्रुवारीत ते शेगावात दिसले, 1910 मध्ये समाधी घेतली. दासगणूंचा 21 अध्यायांचा ग्रंथ घराघरात आहे. त्या ग्रंथातच स्पष्ट आहे, की महाराज कोण, कुठले, हे कळलेलं नाही. केवढा प्रामाणिकपणा! ज्याचं चरित्र लिहायचं त्याचं गाव आणि कूळ माहीत नाही, तर नाही म्हणून मोकळे. आणि आता मोबाईलवर रोज कुणी ना कुणी पाठवतं, महाराज अमक्या गावचे, अमक्या कुळातले, अमक्या वर्षी जन्मले. खाली दहा जणांना पुढे पाठवा म्हणून. ग्रंथकर्त्याला जे ठाऊक नव्हतं ते माझ्या पुतण्याला ठाऊक आहे.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. माझे धाकटे दीर. साखरेचा आजार, वीस वर्षं औषध चालू. शेवटी शेवटी एका बाबांच्या बैठकीला जाऊ लागले. बाबांचं नाव, गाव लिहीत नाही. तिथं त्यांना सांगण्यात आलं, की तुमची साखर कर्माची आहे, गोळीनं जायची नाही, नामानं जाईल. पायाला जखम झाली. मी म्हटलं, “भाऊजी, नाम घ्या, पण गोळीही घ्या. नामाला गोळीची अडचण होत नाही.” ते हसून म्हणाले, “वहिनी, तुमाले नाई समजनार. बाबाले सारं माईत हाये. आता मलेही माईत हाये.” किती शांत चेहरा होता त्यांचा! तो शांतपणा पाहून क्षणभर मलाही हेवा वाटला होता. दोन महिन्यांनी गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

बैठकीतली माणसं दवाखान्यात भेटायला आली, फळं घेऊन. चांगली माणसं, अगदी मन लावून सेवा करणारी. त्यातल्या एकानं बाहेर येऊन मला हळूच सांगितलं, “थोडी श्रद्धा कमी पडली त्यांची.” मला एकदम ते एल्डर पोरगं आठवलं, ‘आणखी मनापासून विचारा’. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन धर्म, आणि पळवाट एकच. बरं झालं तर बाबांमुळे, पाय गेला तर तुमच्यामुळे. असं ठाऊक असणं कधी खोटं ठरूच शकत नाही, म्हणूनच त्याची मला धास्ती वाटते. भाऊजी त्यानंतर चार वर्षं जगले. बैठकीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, “बाई, तुम्ही सगळंच तपासून घेता का? आई ही आपली आई, हे तरी कुठं तपासलंय?” माझी जाऊ नेमकं हेच म्हणते, आणि प्रश्न चांगला आहे. नाही तपासलं. पण आईवरचा विश्वास ही रोजच्या रोज मिळवलेली गोष्ट आहे, हजार वेळा ताप उतरवून, हजार घास भरवून. आणि आईला ‘तुला कोणी सांगितलं?’ विचारलं तर ती फार तर रागावते, घराबाहेर काढत नाही. ज्या ठिकाणी प्रश्न विचारला की नातं तुटतं, तिथं विश्वास नसून धाक आहे असं समजावं.

दुसरीकडून माझा भाचा म्हणतो, “मावशी, मग सरळ म्हण ना की देव नाही, हे सिद्ध झालंय.” त्यालाही माझं तेच सांगणं. तुला वाटतं ना, मग ‘वाटतं’ म्हण. डॉक्टरही ‘ठाऊक आहे’ म्हणतात, पण साखर किती हे ते रक्त काढून दाखवतात, आणि उद्या दुसरं औषध जास्त चांगलं ठरलं तर आधीचं बदलतात. बदलायची तयारी ठेवून ठाऊक असणं वेगळं, आणि काही झालं तरी बदलणार नाही म्हणून ठाऊक असणं वेगळं. हा फरक देव मानणाऱ्यांना लागू आहे आणि न मानणाऱ्यांनाही.

पक्कं ठाऊक असण्यात सुख आहे, हे मी नाकारत नाही. माझ्या वयात तर ते सुख फार हवंसं वाटतं. आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. ते कुठं आहेत, भेटतील का, हे कुणी ठामपणे सांगितलं तर मीही त्याच्या पायाशी बसेन असं रात्री कधी कधी वाटतं. मॉर्मन लोकांना ते ‘ठाऊक’ आहे, नवरा-बायको मेल्यानंतरही कायमचे एकत्र राहतात आणि त्यासाठी त्यांच्या मंदिरात वेगळा विधीच आहे. ऐकून डोळे भरून आले होते माझे. पण सकाळी उठून दिव्यात तेल घालताना मी म्हणते ते एवढंच, की भेटावं अशी माझी आशा आहे. भेटतील अशी माझी श्रद्धाही आहे. ठाऊक मात्र नाही. आणि ठाऊक नसतानाही दिवा लावता येतो.

आमच्या वऱ्हाडी बोलीत याची फार सुंदर सोय आहे. जुन्या बाया चमत्काराची गोष्ट अगदी रंगवून सांगायच्या आणि शेवटी हळूच जोडायच्या, “असं म्हनतेत बापा. आपन काई डोयानं पाह्यलं नाई.” गोष्टीची गोडी कमी होत नसे आणि सांगणारीची इभ्रतही राहत असे. शाळेत न गेलेल्या त्या बाया म्हाइंभटांच्याच परंपरेतल्या. ते शेपूट आपण हल्ली कापून टाकलंय. ते परत जोडूया. आणि मुलांसमोर तर आवर्जून. ‘आपण असं मानतो’ म्हटलं की मूल मोठं होऊन वेगळं मानू शकतं आणि तरी आपलं राहतं. ‘हेच सत्य आहे, आम्हाला ठाऊक आहे’ म्हटलं, की वेगळं वाटू लागल्यावर त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात, खोटं बोलणं नाहीतर घर सोडणं.

असो. फार लांबलं. तुमच्याकडच्या महाराजांच्या, पंथांच्या, देवळांच्या गोष्टी तुम्हीही लिहा. मला त्या फार आवडतात. फक्त कुणाकडून ऐकलं तेवढं खाली लिहीत जा, म्हणजे मलाही पुढे सांगता येईल, “असं म्हनतेत बापा.”